खडूने लिहिलेला मुख्य निरीक्षक

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाचेजावयाचा, कंबर वाकू देईल तेवढा नमस्कार. (कंबर धरली आहे. उरलेला नमस्कार ती सुटली की पुरा करीन, तोवर पोच द्यावी.)

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तिकडे तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना वाजतो तो डावा, की चढताना वाजतो तो? कानाचं यंत्र बदललंत असं कळलं. फोन करणार होतो, पण मागच्या खेपेला तुम्हाला एक शब्द ऐकू गेला नाही आणि शेजारच्या खोलीत तुमच्या सूनबाईंना सगळा संवाद पाठ झाला, म्हणून पत्र लिहितो आहे. नवी कवळी हसताना पुढे येते असं तुम्ही लिहिलं होतंत. त्यावर माझा एक अनुभवी उपाय आहे: हसू नये. मी गेली नऊ वर्षं तोच करतो आहे आणि माझे सगळे दात जागच्या जागी आहेत. तुमची भाची मजेत आहे. म्हणजे मला बोलत असते, आणि जोवर बोलते आहे तोवर तब्येत उत्तम समजायची, असं तुमच्याच घराण्यात म्हणतात ना!

आता मूळ मुद्दा. मामा, माझ्या डोक्यात गेले अकरा दिवस नुसती भट्टी पेटली आहे. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी मुख्यालयातून एक लिफाफा आला. आपल्या वजनमापे कार्यालयाला मुख्यालयातून सहसा परिपत्रकंच येतात (तीही आधीच्या परिपत्रकातली चूक दुरुस्त करणारी), पण हा लिफाफा जाड होता. उघडून पाहतो तर आनंदाची बातमी! आपल्या कार्यालयाला येत्या एक तारखेपासून कायम मुख्य निरीक्षक मिळणार. कोण, तर कोणीतरी बाहेरचा. आणि त्याची नेमणूक पक्की व्हावी म्हणून सोबत एक दाखला जोडला होता, तो फक्त सही करून परत पाठवायचा. दाखला असा: ‘प्रमाणित करण्यात येते की, या कार्यालयातील मुख्य निरीक्षकाचे पद गेली नऊ वर्षे रिक्त असून, सदर कालावधीत सदर पदावर कोणीही नव्हते.’ आणि खाली सहीची जागा. सही कोणाची? मुख्य निरीक्षकाची! म्हणजे मी नव्हतो असं मी लिहून द्यायचं, आणि ते खरं वाटावं म्हणून खाली सहीही मीच करायची, कारण नऊ वर्षांत तिथे सही करायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंच.

मी हेडक्लार्कला बोलावलं. तुम्हाला आठवत असेल तो. सत्याचा भोक्ता, स्वतःच्या सावलीकडूनही पोच घेणारा. त्याने दाखला वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, ‘यात चुकीचं काहीच नाही साहेब. तुम्ही होतात, पण ऑफिशिएटिंग होतात.’

मामा, ते विशेषण! त्या एका विशेषणाने माझ्या आयुष्याचं पिठलं केलं आहे. शाळेत शिकवलं होतं की नामाबद्दल अधिक माहिती सांगतो तो शब्द विशेषण. अधिक! लाल घोडा, उंच मुलगा, हुशार विद्यार्थी. घोड्याला लाल म्हटलं म्हणून कोणी त्याची शेपूट कापून नेत नव्हतं. हे सरकारी विशेषण मात्र नामाच्या पुढे उभं राहतं आणि मागच्या नामाच्या खिशातून एकेक वस्तू काढून घेतं. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तो आदेश आला, ‘ऑफिशिएटिंग मुख्य निरीक्षक’, तेव्हा मी मूर्खासारखा हरखलो होतो. मला वाटलं, नुसत्या मुख्य निरीक्षकापेक्षा हा मोठा असणार, एक शब्द जास्तच आहे! शब्दकोशात पाहिलं तर ‘अधिकारपदाचे काम तात्पुरते पाहणारा’ असा अर्थ होता, आणि सरकारी मराठीत ‘स्थानापन्न’. म्हटलं, वा, स्थानावर बसलेला! पण शब्दाचा अर्थ कोशात असतो आणि उपयोग कचेरीत, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी तुम्हीच शिकवलंत. तुम्ही हार काढून ठेवलात, टेबलाच्या खणातून पांढऱ्या फितीचं कोरं बंडल काढलंत, आणि फीत तुमच्या लाल गादीच्या उंच पाठीच्या खुर्चीला या हातापासून त्या हातापर्यंत घट्ट बांधलीत. आणि म्हणालात, ‘जावईबापू, या खुर्चीत कायम माणूस बसतो. नियम म्हणजे नियम.’ मी मान डोलावली. मला भरूनसुद्धा आलं, कारण एवढी तत्त्वनिष्ठा हल्ली कुठे पाहायला मिळते!

तेव्हापासून मी तिच्या शेजारी, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या लाकडी खुर्चीत बसतो. (हात नाहीत तिला. कंबर उगाच नाही धरली.) आता चित्र असं दिसतं: मोठं टेबल, टेबलामागे फीत बांधलेली रिकामी रुबाबदार खुर्ची, आणि तिच्या बाजूला साहेबांची वाट पाहत बसलेला एक गृहस्थ, तो मी. येणारा माणूस खुर्चीला नमस्कार करतो. एक धान्याचे व्यापारी तर दहा मिनिटं आपली तक्रार त्या खुर्चीला सांगून गेले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि काम झालं म्हणून पुढच्या आठवड्यात आभार मानायला आले, तेही तिचेच! गोल शिक्का कपाटात बंद. तो कायम माणसाचा. मी चौकोनी मारतो. रजा घ्यायची तर आणखी मौज. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा पाच दिवस माझ्या जागी हेडक्लार्क बसला. जो मुळात कोणाच्या तरी जागी आहे त्याच्या जागी बसणाऱ्याला काय म्हणायचं, याचा नियम सापडेना. त्याने त्या पाच दिवसांत दुसरं काही केलं नाही, फक्त हा प्रश्न विचारणारं पत्र मुख्यालयाला लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे. टाके केव्हाच निघाले.

पण सगळ्यात झोंबते ती नावांची पाटी. खुर्चीमागच्या भिंतीवरची ती काळी लाकडी पाटी, तिच्यावर आजवरचे चौदा मुख्य निरीक्षक ओळीने पिवळ्या रंगात. चौदावं नाव तुमचं. काय ते अक्षर, काय तो रंग! दुपारी खिडकीतून ऊन आलं की तुमचं नाव तापलेल्या पितळेसारखं चमकतं. आणि त्याखाली पंधरावा मी, खडूने. कारण नियम: रंग कायम माणसाला, खडू ऑफिशिएटिंगला. झाडूवाल्या बाई सकाळी साडेनऊला ओलं फडकं घेऊन येतात. तुमच्यापर्यंतची चौदा नावं त्या आदराने पुसतात, ती अधिकच उजळतात. मग फडकं माझ्यावर फिरतं. दहाला आपला म्हातारा शिपाई (तुम्ही ज्याला ‘दादा’ म्हणायचात तोच, आता त्याचे हात थरथरतात) स्टुलावर चढतो आणि मला पुन्हा लिहितो, विशेषणासकट. थोडक्यात, मी रोज साडेनऊला बडतर्फ होतो आणि दहाला पुन्हा रुजू. नऊ वर्षं! इतक्या वेळा तर कोणी लाच घेऊनसुद्धा बडतर्फ होत नाही.

घरी काय परिस्थिती आहे ते तुमच्यापासून लपलेलं नाही. तुम्हीच तिचं कारण आहात. (राग मानू नये, कौतुकानेच लिहितो आहे.) तुमच्या भाचीच्या बोलण्यात ‘आमचे मामा’ हे शब्द सुरुवातीला येतात आणि ‘कायम होते’ हे शेवटी. मधल्या जागेत भाजीत मीठ कमी पडण्यापासून नळ गळण्यापर्यंत काहीही बसतं. ‘आमचे मामा कधी असे दारात चपला काढत नसत, कायम होते!’ आता चपलांचा आणि कायमपणाचा संबंध काय? पण विचारायची सोय नाही. तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सासूबाई, यांना तर हा आजार वाटतो. पहिल्या वर्षी त्यांनी काळजीने विचारलं होतं, ‘अजून गेलं नाही का हो ते ऑफिशिएटिंग?’ हल्ली विचारतही नाहीत. मी घरी गेलो की माझ्याकडे पाहून लेकीला हळूच म्हणतात, ‘जेवतात ना नीट?’ आणि एकदा मी आतल्या खोलीत असताना शेजारणीला सांगत होत्या, ‘आमच्या भावाच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. आमच्या रक्तात नाही ते.’

आणि बाजारात काय झालं ते ऐका, म्हणजे तुम्हाला कळेल की हे विशेषण आता माणसांपुरतं राहिलेलं नाही. एक वाणी आहे, त्याला अख्खा बाजार पाऊणकिलो म्हणतो. खरं तर तो इतकंही कमी देत नाही, पण नाव पडलं. मी अचानक तपासणीला गेलो. त्याचं किलोचं वजन उचलताच हाताला कळलं. (पंचवीस वर्षं वजनं उचलतो आहे मामा, माझा हात हाच माझा काटा.) उलटं करून पाहिलं तर बुडातलं शिसं खरवडून काढलेलं आणि त्या खड्ड्यात मेण भरून वरून काळा रंग. साठ ग्रॅम कमी! मी भर दुकानात, आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे हळदीचे हात पुसत म्हणाला, ‘साहेब, रागावू नका. हे वजन ऑफिशिएटिंग आहे. किलोच्या जागी बसलंय, किलोचं सगळं काम करतंय, फक्त किलो नाही. तुमच्या पाटीवर लिहिलंय तसंच की!’

सगळं दुकान हसलं. एक बाई तर पिशवी खाली ठेवून हसल्या. मी वजन जप्त केलं, पंचनामा केला, चौकोनी शिक्का मारला, पण मामा, परत येताना माझी मलाच लाज वाटली. ज्या कार्यालयातल्या काचेच्या पेटीत अस्सल किलो ठेवला आहे, जो आपण मखमलीच्या हातमोज्यांशिवाय उचलत नाही, ज्याच्याशी ताडून गावातली सगळी वजनं खरी की खोटी ते ठरतं, त्या कार्यालयाचा प्रमुख स्वतः साठ ग्रॅम कमी! मी पास केलेली प्रत्येक तागडी कायमची खरी. खोटा काय तो मी.

म्हणून, दाखल्यावर सही न करता मी गुरुवारी मुख्यालय गाठलं. म्हटलं, एक तर हे विशेषण मागच्या तारखेपासून काढून घ्या, नाहीतर निदान त्याचा अर्थ मला लेखी द्या. दुसऱ्या मजल्यावर ज्यांची माझ्या आदेशावर सही आहे ते उपसंचालक भेटले. सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, हळहळले, आणि म्हणाले, ‘विशेषण लावायचं काम आमच्याकडे आहे. काढायचं तिसऱ्या मजल्यावर.’ तिसऱ्या मजल्यावर गेलो तर त्या खोलीला कुलूप. शेजारी विचारलं, तेव्हा कळलं की काढायला कोणी येतच नाही म्हणून ती शाखा लावायच्या शाखेत विलीन केली. पुन्हा दुसरा मजला. आता त्यांनी मला भाषा विभागाकडे पाठवलं. भाषा विभागातल्या बाई म्हणाल्या, अर्थ आम्ही सांगू, पण उपयोगाची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, बरं, अर्थ तरी द्या. तर म्हणे अर्ज करा, आणि अर्जावर कार्यालयप्रमुखाचा गोल शिक्का आणा! मामा, त्या बाईंना मी हात जोडले. जिन्यात येऊन कठड्याला बोललो.

त्या जिन्याखाली एक गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. त्यांना अख्खी इमारत कायमराव म्हणते, कारण त्या चार मजल्यांवर विशेषणाशिवाय असलेले तेवढे एकच. बाकी सगळे ऑफिशिएटिंग, नाहीतर अतिरिक्त, नाहीतर तदर्थ. खुद्द संचालकांची जागा तर तीन वर्षं रिकामी आहे. कायमराव कोणतं काम करतात ते त्यांना स्वतःला आठवेना. त्यांनी माझी कहाणी ऐकली, चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि मायेने म्हणाले, ‘नऊ वर्षांत किती फायली तुंबल्या तुमच्याकडे?’ मी छाती काढून म्हटलं, एकही नाही. त्यावर त्यांनी असा चेहरा केला की जणू डॉक्टरला रोग सापडला. ‘मग कसं होणार तुमचं? अहो, काम होतंय तोवर कायम कशाला करतील? मला केलं, मी त्या दिवसापासून थांबलो. तुम्ही उलटं केलंत, आधीच काम करून बसलात!’

तात्पर्य, हात हलवत परत आलो (शेंगा होत्या, त्या बसमध्ये संपल्या). दाखला टेबलावर तसाच आहे, वर पेपरवेट म्हणून पाऊणकिलोचं जप्त वजन ठेवलं आहे. हेडक्लार्क दर तासाला आत डोकावतो आणि ‘झाली का साहेब?’ असं अशा आवाजात विचारतो की जणू माझी शुद्ध हरपली आहे. एक तारखेला नवे साहेब येणार, फीत सोडणार, त्या खुर्चीत बसणार. मी परत साधा निरीक्षक. त्याचं मला दुःख नाही. बाजारात पायी फिरायला मला आवडतं. पण सकाळी साडेनऊला बाई फडकं फिरवतील आणि दहाला दादा स्टुलावर चढणार नाही, त्याचं आहे. पाटीवर तुमच्या खाली थेट ते, रंगात. मधली नऊ वर्षं कुठे गेली असं कोणी विचारणार नाही, कारण मधे जागाच दिसणार नाही. अकरा हजार तराजू मी तपासले मामा. सगळे कोणी तपासले म्हणायचे? कोणीही नाही?

तेव्हा विनंती अशी. तुमचं इंग्रजी आमच्या साऱ्या खानदानात नामी. तुम्ही स्वतः अकरा वर्षं त्या पदावर कोणत्याही विशेषणाशिवाय, स्वच्छ, नुसते मुख्य निरीक्षक होतात. तर या शब्दाचा खरा अर्थ आणि योग्य उपयोग काय, हे एका पानात, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहून पाठवावं. मी ते माझ्या अपिलाला जोडणार आहे. आणि कायम नेमणुकीचा आदेश दिसतो तरी कसा, हे दाखवायला तुमच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रतही जोडणार आहे. ती काढायला अभिलेख खोलीत सांगून ठेवलं आहे. तुमचं उदाहरण समोर आहे म्हणूनच ही नऊ वर्षं मान ताठ ठेवून निभावली. गुडघ्याला शेक घ्यावा. मामींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, आणि कानाच्या यंत्राची बॅटरी बदलावी.

तुमचा आज्ञाधारक,
भाचेजावई
(पुढे विशेषण लावलेलं नाही. लावायचं तर ‘कायम’ लावावं, तुमच्या भाचीने मला अजून बदललेलं नाही.)

ता. क. पत्र पाकिटात घालतच होतो, तोच अभिलेख खोलीतून तुमच्या आदेशाची प्रत आली. आणणारा शिंकत होता, मीही शिंकलो, मग वाचली. चष्म्याने वाचली, चष्मा काढून वाचली, खिडकीपाशी नेऊन वाचली. मामा, तुमच्या नावाच्या पुढे तेच विशेषण आहे. तेच. नंतर ते काढल्याचा आदेश कुठेच नाही. फाइल मी शेवटच्या कागदापर्यंत पाहिली. अकरा वर्षं, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. आणि ती फीत! कोऱ्या करकरीत फितीचं ते बंडल तुम्ही माझ्यासाठी विकत आणलं होतंत का हो?

ता. क. २. मी दादाला आत बोलावून दार लावलं. आधी म्हणाला, मला काही आठवत नाही. मी म्हटलं, मामांच्या नावाचा रंग. तर म्हणाला, ‘कोणत्या रविवारचं म्हणताय?’ मग सगळं बाहेर आलं. तुम्ही रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी कचेरी उघडायला लावलीत, सिनेमाच्या पाट्या रंगवणारा कोणीतरी शिडी घेऊन आला, आणि सोमवारी तुम्ही कायम होतात. खुर्चीत बसलात, कोणी अडवलं नाही. गोल शिक्का मागितलात, मिळाला. ते विशेषण तुम्ही कधी उच्चारलंच नाही, म्हणून ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी रोज दहाला प्रामाणिकपणे लिहवून घेतलं, म्हणून ते बाजारातल्या वाण्यालासुद्धा पाठ झालं. या शब्दाचा अर्थ आणि उपयोग तुम्हाला एका पानात विचारला होता. पान लिहायची आता गरज नाही. समजलं.

ता. क. ३. अपील करत नाही. फक्त त्या रंगाऱ्याचा पत्ता पाठवावा. दादाला नाव आठवत नाही, एवढंच आठवतं की तो डावखुरा होता आणि तुम्ही त्याला ओळखत होतात. तीस तारखेला रविवार आहे, कचेरी बंद. सोमवारी नवे साहेब. नियमाच्या पुस्तकात मी पाहून ठेवलं आहे: एकदा रंगवलेलं नाव खोडायला मुख्यालयातल्या कायम संचालकांची लेखी परवानगी लागते, आणि ती जागा रिकामी आहे हे मी वर लिहिलंच आहे. दाखल्यावर सही करून टाकली. नऊ वर्षं कोणीही नव्हतं तर नव्हतं. उद्या पाटी पाहून कोणी म्हणालं की हा दाखला खोटा आहे, तर खोटा दाखला देणारा कोण? जो नव्हताच तो! पकडा म्हणावं.

ता. क. ४. तुमची फाइल मी हेडक्लार्कच्या हाती लागू दिलेली नाही. सत्याचा भोक्ता आहे. नऊचे वीस करून नवा दाखला टाइप करील. ती अस्सल किलोच्या पेटीखाली ठेवली आहे, तिथे मखमली हातमोज्यांशिवाय कोणी हात घालत नाही. तुमच्या भाचीला आणि सासूबाईंना मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही. ‘अजून’ हा शब्द विचार करून लिहिला आहे.

ता. क. ५. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तेव्हा दादाला राहवलं नाही. म्हणाला, ‘रंगवून घेताय ते बरंच आहे साहेब. पण एक सांगतो. भिंतीवरची ती चौदा नावं इतक्या वर्षांत मी एकदाही वाचलेली नाहीत. तुमचं मात्र रोज वाचतो. लिहावंच लागतं ना.’ मामा, मला गलबलून आलं. स्टुलावर चढून खडू धरणारे ते थरथरते हात डोळ्यांसमोर आले, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मी तो पिवळा रंग मनातून काढून टाकला होता.

पत्ता उलट टपाली पाठवावा. रंग इथे मिळतो.